होम डिरेक्टरीचा पत्ता कोण सांगतं?

विंडोजवर सिग्विन टाकून युनिक्ससारखं वातावरण वापरणाऱ्यांना एक चकवा हमखास भेटतो. एसएसएचची की-फाइल होम डिरेक्टरीतल्या ‘.एसएसएच’ फोल्डरमध्ये नीट ठेवलेली असते. बॅश या शेलमध्ये यादी मागवली की ती दिसतेही. पण सर्व्हरवर लॉगिन करायला जावं तर एसएसएच पासवर्ड मागतं, जणू ती फाइल अस्तित्वातच नाही. मग माणूस नवी की तयार करतो, ती सर्व्हरवर पुन्हा चढवतो, परवानग्या तपासतो, शेवटी सिग्विन काढून परत टाकतो. संध्याकाळ जाते आणि उत्तर सापडत नाही, कारण बिघाड यांपैकी कुठेच नसतो. होम डिरेक्टरी कुठे आहे हे बॅशने एका ठिकाणी विचारलेलं असतं, एसएसएचने दुसऱ्या ठिकाणी, आणि दोघांना वेगवेगळी उत्तरं मिळालेली असतात.

एकाच प्रश्नाला दोन उत्तरं कशी, हे कळायला युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात डोकवावं लागतं.

बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवलं, तेव्हा एकाच यंत्रावर अनेक जण आपापल्या टर्मिनलवरून काम करत. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला स्वतःची डिरेक्टरी मिळाली. या डिरेक्टऱ्या ‘/यूएसआर’ खाली असत: थॉम्पसन यांची ‘केन’, रिची यांची त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘डीएमआर’. पुढे ती जागा प्रोग्राम आणि लायब्रऱ्यांनी व्यापली आणि माणसांच्या डिरेक्टऱ्या बहुतेक यंत्रणांवर ‘/होम’ खाली गेल्या. मॅकवर त्या आजही ‘/युजर्स’ खाली असतात.

कोणाची डिरेक्टरी कुठे, याची नोंद ‘/एटसी’मधल्या पासवर्ड फाइलमध्ये ठेवली जाऊ लागली. ही साधी मजकुराची फाइल. एका माणसाची एक ओळ, आणि ओळीत अपूर्णविरामाच्या चिन्हाने तोडलेले सात रकाने: नाव, पासवर्ड, युजर क्रमांक, ग्रुप क्रमांक, माणसाची माहिती, होम डिरेक्टरी आणि शेल. पाचव्या रकान्याला आजही ‘जीकॉस’ म्हणतात. बेल लॅब्जमध्ये छपाईसारख्या कामांसाठी जीकॉस नावाची प्रणाली चालवणारं दुसरं यंत्र होतं आणि त्यावरच्या खात्याची माहिती या रकान्यात लिहिली जाई. ते यंत्र केव्हाच इतिहासजमा झालं, रकान्याचं नाव मात्र राहिलं. आपल्याला हवा आहे तो त्याच्या पुढचा, सहावा रकाना. लॉगिन करताना लॉगिन नावाचा प्रोग्राम ही ओळ वाचतो, सहाव्या रकान्यातल्या डिरेक्टरीत जातो आणि मग शेल सुरू करतो.

१९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीने एक महत्त्वाची सोय आणली, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. नाव आणि किंमत अशा जोड्या एक प्रोसेस तिने सुरू केलेल्या पुढच्या प्रोसेसला देऊ शकते. त्यातलाच एक व्हेरिएबल म्हणजे ‘होम’. लॉगिन प्रोग्राम सहाव्या रकान्यातला पत्ता उचलून या व्हेरिएबलमध्ये घालतो आणि तिथून तो शेलकडे, शेलकडून प्रत्येक प्रोग्रामकडे जातो. नुसतं ‘सीडी’ लिहून एंटर दाबलं की आपण जिथे पोचतो, ते ठिकाण शेलला या व्हेरिएबलमधूनच कळतं.

म्हणजे मूळ नोंद पासवर्ड फाइलसारख्या युजर डेटाबेसमध्ये, आणि लॉगिनच्या वेळी काढलेली तिची प्रत व्हेरिएबलमध्ये. प्रत कोणीही बदलू शकतं. शेलमध्ये एक ओळ लिहिली की ‘होम’ बदलतो, आणि त्यानंतर तिथून सुरू होणारे सगळे प्रोग्राम नवीन पत्ता धरून चालतात. मूळ नोंद बदलायला मात्र प्रशासकाचे अधिकार लागतात.

होमसाठी वापरतात त्या ‘~’ या चिन्हातही हे दुहेरीपण आहे. बिल जॉय यांच्या सी शेलमधून ही खूण रुळली. त्या काळच्या एडीएम-३ए या टर्मिनलच्या कीबोर्डवर हे चिन्ह आणि ‘होम’ हा शब्द एकाच बटणावर होते. बॅशमध्ये नुसतं ‘~’ लिहिलं तर त्याचा अर्थ ‘होम’ व्हेरिएबलमधला पत्ता. त्याला चिकटून एखाद्याचं युजरनेम लिहिलं, मग ते स्वतःचं का असेना, की बॅश व्हेरिएबलकडे बघत नाही, डेटाबेसमधली नोंद काढतं. फक्त नाव जोडल्याने त्याच माणसाचं होम दुसऱ्याच जागी निघू शकतं, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला धक्का देणारं आहे.

एसएसएच व्हेरिएबलवर विश्वास ठेवत नाही. ते चालू प्रोसेसचा युजर क्रमांक घेतं, त्या क्रमांकाची नोंद डेटाबेसमध्ये शोधतं आणि तिथे लिहिलेल्या डिरेक्टरीत ‘.एसएसएच’ फोल्डर पाहतं. आपली ओळख पटवणाऱ्या गुप्त फाइली कुठे आहेत, हे कोणालाही बदलता येणाऱ्या व्हेरिएबलवर सोडायचं नाही, ही भूमिका मला पूर्ण पटते. तिचा त्रास होतो तो फक्त मूळ नोंद आणि प्रत जुळत नाहीत तेव्हा. अशा वेळी एसएसएचला बोलतं करण्याचा पर्याय, म्हणजे उणे चिन्हासह ‘व्ही’ हे अक्षर, देऊन पाहावं. ते कोणकोणत्या की-फाइली कोणत्या पूर्ण पत्त्यावर शोधतं आहे, हे ओळीने छापतं. न सापडलेल्या फाइलीपुढे ‘उणे एक’ असा प्रकार लिहिलेला दिसतो. तो पत्ता वाचला की निम्मं कोडं तिथेच सुटतं.

लिनक्सवर हा घोळ सहसा होत नाही, कारण तिथे प्रत काढणारा लॉगिन प्रोग्रामच मूळ नोंद वाचतो. विंडोजवर तसं नाही. तिथे लॉगिन विंडोजच्या पद्धतीने होतं, विंडोज स्वतःचे व्हेरिएबल मांडतं, आणि सिग्विनचा पहिला प्रोग्राम सुरू होतो तो बऱ्याच नंतर, डेस्कटॉपवरच्या चिन्हावर क्लिक केल्यावर.

सिग्विनची सुरुवात १९९५ साली सिग्नस सोल्युशन्स या कंपनीत झाली. स्टीव्ह चेंबरलेन या तिथल्या अभियंत्याने ते काम हाती घेतलं. जीएनयूची कंपायलर-साधनं विंडोजवर चालावीत हा हेतू होता. प्रत्येक साधन विंडोजसाठी वेगळं लिहीत बसण्याऐवजी मध्ये एक लायब्ररी ठेवायची ही युक्ती. प्रोग्राम युनिक्सच्या पद्धतीने मागणी करतो, ‘सिग्विन१.डीएलएल’ ही लायब्ररी ती मागणी विंडोजच्या भाषेत पुरी करते. पुढे रेड हॅटने सिग्नस विकत घेतली, आणि ख्रिस्तोफर फेलर, कोरिना विन्शेन यांच्यासारख्या लोकांनी हा प्रकल्प वर्षानुवर्षं सांभाळला. सिग्विन म्हणजे विंडोजच्या आत चालणारं लिनक्स नव्हे. तिथे लिनक्सचा कर्नल नाही, आभासी यंत्र नाही. सिग्विनमधली प्रत्येक प्रोसेस ही विंडोजचीच प्रोसेस असते, प्रत्येक फाइल विंडोजचीच फाइल, आणि युजरही विंडोजचाच.

विंडोजकडे पासवर्ड फाइल नसते. एकट्या संगणकावरची खाती ‘सॅम’ या डेटाबेसमध्ये असतात, कंपनीच्या जाळ्यातली ॲक्टिव्ह डिरेक्टरीत. प्रत्येक खात्याला साध्या क्रमांकाऐवजी ‘सिड’ नावाची लांबलचक ओळख असते. सिग्विन त्या ओळखीतला शेवटचा आकडा घेऊन त्यापासून युनिक्सचा युजर क्रमांक बनवतं. संगणकावरच्या स्थानिक खात्यासाठी त्यात १,९६,६०८ मिळवले जातात. घरच्या विंडोज संगणकावर पहिल्या तयार केलेल्या खात्याचा शेवटचा आकडा पुष्कळदा १००१ असतो, म्हणून सिग्विन वापरणाऱ्या असंख्य लोकांचा युजर क्रमांक १९७६०९ निघतो. हा आकडा कुठे दिसला तर तो काही बिघाड नाही.

२०१५ च्या आधी सिग्विनला खरीखुरी पासवर्ड फाइल लागायची. ‘एमकेपासवर्ड’ नावाची कमांड विंडोजमधली खाती वाचून ती फाइल तयार करून देई, आणि होम बदलायचं तर ती एडिटरमध्ये उघडून सहावा रकाना हाताने बदलायचा. सोपं होतं. पण कंपनीत नवीन माणूस आला की फाइल पुन्हा तयार करावी लागे, जुनी फाइल शिळी होई आणि अनोळखी खात्यांचा गोंधळ उडे. २०१५ साली आलेल्या १.७.३४ या आवृत्तीने ही पद्धत बदलली. तेव्हापासून सिग्विन खात्याची ओळ गरज पडेल तशी थेट विंडोजकडून माहिती घेऊन तयार करतं. फाइल नसली तरी चालतं. ‘गेटएंट’ या कमांडला ‘पासवर्ड’ हा शब्द आणि आपलं युजरनेम दिलं की ही तयार झालेली ओळ बघायला मिळते. सात रकाने तेच, सहाव्यात होम डिरेक्टरी.

आता ही ओळ तयार करताना सहाव्या रकान्यात काय घालायचं, हे सांगण्याची जागा म्हणजे ‘/एटसी’मधली ‘एनएसस्विच.कॉन्फ’ ही फाइल. सोलारिस आणि लिनक्सवरही याच नावाची फाइल असते. खात्यांची माहिती कुठून आणि कोणत्या क्रमाने शोधायची हे ती सांगते. सिग्विनने त्यात स्वतःच्या काही ओळींची भर घातली. होमसाठीची ओळ ‘डीबी_होम’ या नावाने सुरू होते. काहीच लिहिलं नाही तर ‘/होम’ खाली आपल्या युजरनेमचं फोल्डर, हा नेहमीचा पत्ता मिळतो. विंडोजच्या बाजूने पाहिलं तर हे फोल्डर सी ड्राइव्हवरच्या ‘सिग्विन६४’ फोल्डरच्या आत असतं.

या ओळीत ‘विंडोज’ हा शब्द लिहिला की विंडोजचं होम तेच सिग्विनचंही होम होतं. घरच्या संगणकावर ते म्हणजे सी ड्राइव्हवरच्या ‘युजर्स’मधलं आपल्या नावाचं फोल्डर. ‘डेस्क’ असं लिहिलं तर सिग्विन विंडोज खात्याच्या वर्णनाचा रकाना बघतं. त्यात विशिष्ट खुणांमध्ये होमचा पत्ता लिहून ठेवता येतो. एका संगणकावरच्या एखाद्याच खात्याला वेगळं होम द्यायचं असेल तर हा चांगला मार्ग आहे. ‘युनिक्स’ आणि ‘सिग्विन’ हे दोन पर्याय ॲक्टिव्ह डिरेक्टरीसाठी आहेत. पहिला तिथल्या ‘युनिक्स-होम-डिरेक्टरी’ या नोंदीतून पत्ता उचलतो. या लांबलचक नावामागे कारण आहे. युनिक्स खात्यांची माहिती डिरेक्टरी सेवेत कशी ठेवावी याचा जो दस्तऐवज १९९८ साली निघाला, त्यात या नोंदीचं नाव नुसतं ‘होम-डिरेक्टरी’ होतं. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत मात्र त्या नावाची जागा विंडोजच्या होमने आधीच घेतली होती. यांपैकी अनेक पर्याय एकापुढे एक लिहिता येतात. सिग्विन डावीकडून सुरू करतं आणि ज्यातून पत्ता मिळेल तो घेतं. कशातूनच काही मिळालं नाही तर पुन्हा ‘/होम’.

आणखी एक पर्याय आहे, आणि मला तो सगळ्यांत उपयोगी वाटतो. स्लॅशने सुरू होणारा पत्ता थेट लिहायचा आणि त्यात टक्क्याच्या चिन्हाच्या खुणा वापरायच्या. लहान लिपीतला ‘यू’ म्हणजे सिग्विनमधलं युजरनेम, मोठ्या लिपीतला ‘यू’ म्हणजे विंडोजमधलं, ‘डी’ म्हणजे डोमेनचं नाव, ‘एच’ म्हणजे विंडोजचं होम. स्लॅश, मग टक्का-एच, मग पुन्हा स्लॅश आणि ‘सिग्विन’ हा शब्द लिहिला, तर प्रत्येक माणसाच्या विंडोज होमच्या आत ‘सिग्विन’ नावाचं वेगळं फोल्डर त्याचं होम होतं. पन्नास जणांच्या प्रयोगशाळेत सगळ्या यंत्रांवर हीच एक ओळ पुरते.

बदल करूनही काही फरक पडला नाही, असं सांगणारे लोक पुष्कळ भेटतात, आणि त्यामागे जवळपास नेहमी दोन कारणांपैकी एक असतं. पहिलं कारण जुन्या पासवर्ड फाइलचं. ‘एनएसस्विच’ फाइलमध्ये वेगळं काही सांगितलं नसेल तर सिग्विन आधी पासवर्ड फाइलमध्ये शोधतं आणि तिथे नाव नाही सापडलं तरच विंडोजला विचारतं. जुन्या सिग्विनवर नवी आवृत्ती चढवत आलेल्या संगणकावर ती फाइल वर्षानुवर्षं पडून असते. तिच्यात आपलं नाव असलं की ‘डीबी_होम’ची ओळ वाचण्याची वेळच येत नाही. ती फाइल वेगळ्या नावाने बाजूला ठेवावी. दुसरं कारण असं की ‘एनएसस्विच’ फाइल सिग्विनच्या प्रोसेसच्या साखळीतली अगदी पहिली प्रोसेस एकदाच वाचते. नंतर तिच्यापासून सुरू झालेल्या प्रोसेस ती फाइल पुन्हा उघडत नाहीत. म्हणून त्याच खिडकीत बॅश पुन्हा सुरू करणं पुरत नाही, डेस्कटॉपवरून टर्मिनलची नवी खिडकी उघडावी लागते. जुन्या खिडक्या आणि पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवा बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय त्यांना बदल कळत नाही. कुठे काय चालू राहिलं हे समजत नसेल तर संगणक रीस्टार्ट करावा. त्यात कमीपणा काही नाही.

आता ‘होम’ व्हेरिएबलकडे परत जाऊ. विंडोजच्या सेटिंगमध्ये कोणी ‘होम’ नावाचा व्हेरिएबल मांडून ठेवला असेल, तर सिग्विनची पहिली प्रोसेस तो विंडोजच्या पद्धतीचा पत्ता युनिक्सच्या पद्धतीत बदलून घेते आणि तोच पुढे चालवते. हा व्हेरिएबल सिग्विनसाठी मांडलेला असतोच असं नाही. युनिक्समधून विंडोजवर आलेली एडिटरसारखी साधनं आपल्या सेटिंगच्या फाइली शोधायला हाच व्हेरिएबल बघतात, म्हणून त्यांच्यासाठी कोणीतरी कधीतरी तो मांडलेला असतो. मग बॅशचं होम एक आणि डेटाबेसचं दुसरं. सुरुवातीचा एसएसएचचा घोळ पुष्कळदा इथूनच येतो. त्यावर उपाय म्हणून लोक बॅशच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये आणखी एकदा ‘होम’ बदलतात. माझा याला ठाम विरोध आहे. त्याने प्रतीवर प्रत चढते, आणि मूळ नोंद वाचणारे प्रोग्राम तसेच राहतात. ठरलेल्या वेळी कामं करणारी ‘क्रॉन’ सेवा किंवा बाहेरून लॉगिन घेणारी ‘एसएसएचडी’ सेवा तुमच्या डेस्कटॉपवरून सुरू होत नाही. या सेवा तुमचा व्हेरिएबल पाहूच शकत नाहीत. ‘होम’ व्हेरिएबल त्या स्वतः भरतात, आणि तो डेटाबेसमधल्या सहाव्या रकान्यावरून. म्हणून बदल करायचा तो ‘डीबी_होम’मध्ये, आणि विंडोजमधला ‘होम’ व्हेरिएबल दुसऱ्या कशाला लागत नसेल तर काढून टाकायचा.

हे झालं कसं ठरवायचं याबद्दल. काय ठरवायचं, यावर मतं वेगळी असू शकतात.

सिग्विनच्या आतलं नेहमीचं ‘/होम’ साधं आणि सुरक्षित आहे. पत्ता छोटा, त्यात मोकळी जागा नाही, आणि विंडोजचे प्रोग्राम तिथे ढवळाढवळ करत नाहीत. तोटा मोठा आहे: सिग्विनचं फोल्डर उडवलं की होमही उडतं. कार्यालयांमध्ये बॅकअप घेणारी यंत्रणा पुष्कळदा फक्त ‘युजर्स’ फोल्डर उचलते, ‘सिग्विन६४’ नाही. डिस्क गेल्यावर हे कळतं.

विंडोजचं होम तेच सिग्विनचं होम केलं तर डाउनलोड केलेली फाइल आणि दस्तऐवज टर्मिनलमधून लगेच हाताशी येतात. विंडोजमध्ये आता आलेलं मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं एसएसएच आणि गिट याच फोल्डरमध्ये आपापल्या फाइली ठेवतात, त्यामुळे एकच की सगळीकडे चालू शकते. पण विंडोजचं फोल्डर कोणत्या नावाने बनलं आहे, हे आधी बघायला हवं. आपल्याकडे नवीन लॅपटॉप सुरू करताना खात्याला नाव आणि आडनाव मध्ये जागा सोडून देण्याची सवय आहे. मग फोल्डरच्या नावातही ती मोकळी जागा येते. युनिक्सच्या शेलसाठी मोकळी जागा म्हणजे एक शब्द संपून दुसरा सुरू झाला. अवतरणचिन्हांत न लिहिलेला असा पत्ता दोन तुकड्यांत फुटतो. जीएनयूचं ‘मेक’ मोकळी जागा असलेली नावं नीट हाताळू शकत नाही. मूळ कोडपासून प्रोग्राम बांधताना चालवायची ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्टही अशा डिरेक्टरीत अडखळू शकते. विंडोज २००० आणि एक्सपीच्या काळात तर होम ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ या फोल्डरखाली असायचं, म्हणजे मोकळी जागा सगळ्यांच्याच वाट्याला यायची. व्हिस्टाने त्याचं ‘युजर्स’ केलं, हा युनिक्सवाल्यांवर मोठाच उपकार.

मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन खात्याने संगणक सुरू केला, तर विंडोज ईमेलच्या पत्त्याची पहिली पाच अक्षरं घेऊन फोल्डरला नाव देतं. नाव तुटकं दिसतं, पण त्यात मोकळी जागा नसते, म्हणून ते चांगलंच. खात्याचं नाव नंतर बदललं तरी फोल्डरचं नाव बदलत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. काही जण ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये एक ओळ लिहून विंडोजचं अख्खं ‘युजर्स’ फोल्डर सिग्विनच्या ‘/होम’वर माउंट करतात. पत्ता छोटाच राहतो आणि फाइली विंडोजच्या जागी, ही कल्पना छान आहे. ती चालते ती मात्र युजरनेम आणि फोल्डरचं नाव तंतोतंत एक असेल तेव्हाच. कंपनीच्या डोमेनमध्ये त्याच नावाचं जुनं फोल्डर आधीपासून असलं तर विंडोज नव्या फोल्डरच्या नावापुढे टिंब देऊन डोमेनचं नाव जोडतं, आणि ही जुळणी मोडते.

कार्यालयातल्या संगणकावर विंडोजचं होम नेटवर्कवरच्या सर्व्हरवर ठेवलेलं असू शकतं. तिथे ‘विंडोज’ हा पर्याय निवडण्याआधी दहा वेळा विचार करावा. बॅश सुरू होताना होममधल्या अनेक छोट्या फाइली वाचतं, आणि प्रत्येक वाचन नेटवर्कवरून होतं. लॅपटॉप घरी नेला आणि कंपनीच्या जाळ्याशी जोडणी नसली की होमच नाही.

विंडोजच्या फोल्डरमध्ये होम ठेवल्यावर परवानग्यांचा प्रश्न समोर येतो. युनिक्समध्ये मालक, ग्रुप आणि इतर अशा तिघांच्या परवानग्या. विंडोजमध्ये प्रत्येक फाइलला हक्कांची एक यादी असते, आणि नवीन फाइलला ती वरच्या फोल्डरकडून वारशाने मिळते. सिग्विन ती यादी वाचून युनिक्सच्या परवानग्यांत मांडतं. वारशाने आलेल्या यादीत प्रशासक आणि यंत्रणेचे हक्क असल्यामुळे ग्रुपलाही वाचता येतं असं चित्र दिसू शकतं. एसएसएच असली प्रायव्हेट की नाकारतं, ती फार उघडी आहे असं सांगून. ‘सीएचमॉड’ने की-फाइलला ६०० आणि ‘.एसएसएच’ फोल्डरला ७०० अशा परवानग्या द्याव्यात. तेवढ्याने भागलं नाही तर ‘सेटएफएसीएल’ने जादा हक्क पुसून टाकावेत. ‘सीएचमॉड’चा काहीच परिणाम होत नसेल तर ते ठिकाण ‘नोएसीएल’ या पर्यायाने माउंट केलेलं आहे का ते पाहावं. त्या पर्यायात सिग्विन विंडोजच्या यादीकडे बघत नाही आणि परवानग्या नुसत्या दाखवण्यापुरत्या असतात.

ओळ संपवण्याची खूण हा याच जातीचा छोटा त्रास. युनिक्समध्ये ओळीच्या शेवटी एक अक्षर असतं, विंडोजमध्ये दोन. विंडोजच्या एडिटरमध्ये बॅशची सेटिंगची फाइल उघडून सेव्ह केली, की ते जादा अक्षर बॅशला कमांडचा भाग वाटतं आणि टर्मिनल उघडल्या उघडल्या चुकांची माळ लागते. नोटपॅडला युनिक्सच्या ओळी २०१८ पासून कळू लागल्या. जुन्या यंत्रांवर ‘डॉस२युनिक्स’ ही कमांड फाइल पूर्ववत करते.

हे सगळं तोलून पाहिलं तर विंडोज होमच्या आत वेगळं ‘सिग्विन’ फोल्डर, म्हणजे वर सांगितलेला टक्का-एचचा मार्ग, मला बहुतेकांसाठी बरा वाटतो. बॅकअपमध्ये ते आपोआप येतं, सिग्विन काढलं तरी ते राहतं, आणि टिंबाने सुरू होणाऱ्या सेटिंगच्या फाइली विंडोजच्या फाइलींत मिसळत नाहीत. ज्यांच्या फोल्डरच्या नावात मोकळी जागा आहे त्यांनी मात्र नेहमीच्या ‘/होम’मध्येच राहावं आणि बॅकअपची स्वतः व्यवस्था करावी.

सिग्विनच्या घराण्यातल्या इतर साधनांचं थोडक्यात. गिट फॉर विंडोजसोबत येणारं बॅश एमएसवायएस२ या सिग्विनच्याच एका शाखेवर उभं आहे. तिथे ‘होम’ व्हेरिएबल आधी विचारात घेतला जातो आणि तो नसेल तर विंडोजचं होम. त्यामुळे एकाच संगणकावर गिटचं बॅश आणि सिग्विनचं बॅश वेगवेगळ्या होममध्ये उघडलं तर आश्चर्य वाटायला नको. मायक्रोसॉफ्टचं डब्ल्यूएसएल हे वेगळं प्रकरण आहे. त्याच्या दुसऱ्या पिढीत खरा लिनक्स कर्नल चालतो, स्वतःची पासवर्ड फाइल असते, आणि होम लिनक्सच्या स्वतःच्या आभासी डिस्कवर. ते विंडोजच्या फोल्डरवर नेण्याचा मोह टाळावा, कारण दोन यंत्रणांच्या सीमेपलीकडच्या फाइलींवर काम तिथे बरंच मंदावतं.

शेवटी, होम बदलण्याचं प्रत्यक्ष काम. ‘डीबी_होम’ बदलल्याने फाइली हलत नाहीत, फक्त पत्ता बदलतो. पुढच्या वेळी बॅश सुरू झालं की सिग्विनची ‘प्रोफाइल’ स्क्रिप्ट नव्या पत्त्यावर डिरेक्टरी नसेल तर तयार करते आणि ‘/एटसी’मधल्या ‘स्केल’ फोल्डरातून सेटिंगच्या कोऱ्या फाइली तिथे आणून ठेवते. जुन्या सगळ्या सोयी गायब, कमांडचा इतिहास रिकामा, असं दृश्य समोर येतं आणि माणूस घाबरतो. काहीही गेलेलं नसतं. जुनं होम जुन्या जागी जसंच्या तसं असतं. ते कॉपी करताना विंडोजचा एक्सप्लोरर वापरू नये. तो नव्या जागेतल्या हक्कांचा वारसा फाइलींना देतो, आणि सिग्विनच्या सिम्बॉलिक लिंकही त्याच्या हातून धड राहतील याची खात्री नसते. सिग्विनमधल्याच ‘सीपी’ कमांडला ‘ए’ हा पर्याय देऊन कॉपी करावी, म्हणजे परवानग्या, वेळा आणि लिंक तिन्ही सोबत येतात. मग ‘गेटएंट’ने सहावा रकाना आणि ‘इको’ने ‘होम’ व्हेरिएबल पाहावा. दोन्हींत एकच पत्ता आला पाहिजे. टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली साध्या यादीत दिसत नाहीत, म्हणून ‘एलएस’लाही ‘ए’ पर्याय देऊन त्या आल्या आहेत का ते तपासावं, ‘.एसएसएच’ फोल्डरच्या परवानग्या पुन्हा एकदा बघाव्यात, आणि जुनं फोल्डर पुढचे काही आठवडे तरी पुसू नये.